घरावर सोलर, खात्यात अनुदान: सोलापूरकरांसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

सोलापुरात ऊन किती पडतं हे कुणाला समजावून सांगायला नको. प्रश्न येतो पैशांचा, आणि पैसे सरकार देणार म्हटलं की दुसरा प्रश्न कागदांचा. माझ्या पाहण्यातले बहुतेक अर्ज छतामुळे रखडले नाहीत, वीजबिलावरच्या नावामुळे रखडले. त्यामुळे पॅनेलची चर्चा थोडी नंतर. आधी अनुदान कुठलं आहे ते बघू आणि लगेच बिलाकडे वळू.

केंद्राची 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातल्या एक कोटी घरांवर सोलर बसवायचं उद्दिष्ट आहे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. घरगुती ग्राहकाला सोलरच्या क्षमतेतल्या पहिल्या दोन किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ३० हजार रुपये मिळतात, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार. म्हणजे एकला ३० हजार, दोनला ६० हजार, तीनला ७८ हजार. त्यापुढे वाढ नाही. पाच किलोवॅट बसवा नाहीतर दहा, अनुदान ७८ हजारच.

यावर राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची पुरवणी योजना आणली. ती लहान ग्राहकांसाठी आहे: ज्यांचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत राहतो त्यांच्यासाठी. एक किलोवॅटचा खर्च ५० हजार धरला आहे. त्यातले ३० हजार केंद्राचे. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला राज्य वर १७,५०० देतं, म्हणजे त्याच्या खिशातून फक्त २,५०० जातात. इतरांना राज्याचे १० हजार, त्यांचा स्वतःचा वाटा १० हजार. अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकांना राज्याचे १५ हजार, स्वतःचे ५ हजार. राज्यभरात पाच लाख घरं घ्यायची आहेत आणि पहिला येईल त्याला प्राधान्य आहे. विडी कामगारांची, हातावर पोट असलेल्यांची जी घरं आपल्याकडे आहेत, दोन पंखे, चार दिवे आणि एक टीव्ही, त्यांच्यासाठी खरी योजना हीच. पण गावात चर्चा ७८ हजारांचीच होते.

दोन गैरसमज इथेच बाजूला ठेवू. शेतातल्या विहिरीवरच्या सोलर पंपाचं अनुदान वेगळं, त्याचा अर्ज वेगळा. घराच्या अर्जात तो विषय काढू नका. आणि आंघोळीच्या पाण्याच्या सोलर हीटरवरचं केंद्राचं अनुदान बंद होऊन वर्षं झाली. 'हीटरवर सबसिडी काढून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

बिल हातात घ्या

महावितरणचं ताजं बिल काढा आणि चार गोष्टी बघा: बारा आकडी ग्राहक क्रमांक, ग्राहकाचं नाव, मंजूर भार आणि थकबाकी.

थकबाकी असेल तर आधी भरा. ती असताना अर्ज पुढे सरकत नाही.

नावाचं प्रकरण मोठं आहे. जुन्या पेठांमध्ये वीस-तीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावावर अजून बिल येतं आणि कुणाला काही वाटत नाही, कारण बिल भरायला नाव लागत नाही. अनुदानाला लागतं. पैसे वीजग्राहकाच्या बँक खात्यात येतात. बिलावर एक माणूस आणि पासबुकावर दुसरा असेल तर पुढे भांडण संगणकाशी असतं. म्हणून सोलरचा अर्ज भरण्याआधी महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर नावबदलाचा अर्ज करा. घर तुमचं असल्याचा पुरावा लागतो: महापालिकेची कर पावती, प्रॉपर्टी कार्ड किंवा खरेदीची सूची क्रमांक दोन. वारसाहक्काने आलेलं घर असेल तर वारसांची कागदपत्रं आणि भावंडांची ना हरकत तयार ठेवा. घरात वाटणीचा वाद धुमसत असेल तर आधी तो मिटवा, सोलर नंतर. गच्ची कुणाची, हा प्रश्न पॅनेल चढल्यावर अजून कडू होतो.

स्पेलिंगही बघा. पूर्व भागातली तेलुगू आडनावं बिलावर एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या आणि पासबुकावर तिसऱ्याच स्पेलिंगने असतात. तिन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर बँकेतलं नाव दुरुस्त करून घेणं बहुतेक वेळा सगळ्यांत सोपं पडतं.

मंजूर भाराची मात्र फार काळजी करू नका. जुन्या घरांचा भार अर्धा किलोवॅट वगैरे असतो आणि सोलर तीन किलोवॅटचं घ्यायचं असतं. केंद्राच्या २०२४ च्या नियमबदलानंतर दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही आणि गरजेप्रमाणे भार वाढवून देण्याचं काम वीज कंपनीचं आहे.

घरात माग असेल तर एक फाटा आहे. मागाचं कनेक्शन वेगळं आणि त्याचा दर वेगळा असतो. अनुदान फक्त घरगुती कनेक्शनला आहे. घराचं आणि मागाचं मीटर एकाच भिंतीवर असलं तरी ग्राहक क्रमांक घरगुती मीटरचाच टाका, नाहीतर अर्ज परत येईल.

भाडेकरूला हे सगळं जमणं अवघड आहे, कारण छत त्याचं नाही. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर गच्ची सामाईक. सोसायटीची लेखी परवानगी लागते. सोसायटीने मिळून जिना, लिफ्ट, बोअरची मोटर यांसाठी सोलर घेतलं तर किलोवॅटमागे १८ हजार मिळतात. सात-आठ फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये हेच जास्त शहाणपणाचं.

किती किलोवॅट?

विक्रेता सांगेल तो आकडा घेऊ नका. मागच्या बारा महिन्यांचं युनिट लिहून काढा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतोच. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट, महिन्याला १२० युनिट देतं. महिन्याला सरासरी १५० युनिट लागत असतील तर एक ते दोन किलोवॅट, ३०० पर्यंत असेल तर दोन ते तीन.

जास्तीचं बसवून वीज विकून पैसे कमवू, हा विचार सोडून द्या. उरलेली वीज पुढच्या महिन्यांत जमा होत जाते, पण ३१ मार्चला हिशेब होतो आणि तेव्हा शिल्लक युनिटला मिळणारा दर तुम्ही विजेला मोजता त्याच्या आसपासही नसतो. आणि उलटंही खरं आहे. ज्याचं बिल कायम १०० युनिटच्या आत असतं त्याला वीज मुळातच स्वस्त टप्प्यात मिळते. त्याने 'स्मार्ट'शिवाय सोलर घेतलं तर पैसे सुटायला फार वर्षं लागतील. सोलरमुळे आधी वाचतात ते वरच्या, महागड्या टप्प्यातले युनिट. म्हणून ज्यांचं बिल उन्हाळ्यात ३०० युनिटच्या पलीकडे जातं, कूलर आणि एसी दोन्ही चालतात, त्यांचा फायदा ठळक आहे.

घरात जुने ७५ वॅटचे पंखे असतील तर आधी ते बदलायचा विचार करा. नवे बीएलडीसी पंखे ३० वॅटच्या आसपास चालतात. चार पंखे बदलले तर कदाचित तीनऐवजी दोन किलोवॅटवर भागेल. त्याला अनुदान नाही, पण हिशेब आहे.

गच्चीवर जाऊन बघा

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, तीही सावली नसलेली. हल्लीचं एक पॅनेल साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतं. तीन किलोवॅटला अशी सहा लागतात.

आपल्याकडे मोठी अडचण म्हणजे पाण्याच्या टाक्या. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे प्रत्येक गच्चीवर दोन-तीन काळ्या टाक्या उभ्या असतात. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता वर जाऊन टाकीची, शेजारच्या मजल्याची, झाडाची सावली कुठे पडते ते खडूने आखा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावली लांबते, हे धरून जागा सोडा. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी त्या ओळीतली सगळी पॅनेलं मंदावतात. हे विक्रेते सहसा बोलत नाहीत. टाकी हलवता येत असेल तर पॅनेल येण्याआधी हलवा, उत्तर बाजूला.

तोंड दक्षिणेला, कल पंधरा ते अठरा अंश. सोलापूरचा अक्षांश साडेसतरा अंशांच्या जरासा वर आहे, म्हणून हा कल.

माळवदाच्या घरावर थेट पॅनेल बसवू नका. मातीचं छत ते वजन आणि बोल्ट धरत नाही. पत्र्यावर बसवता येतं, पण खालचे लोखंडी पाइप किंवा अँगल गंजलेले नाहीत ना ते तपासून. स्लॅबची गच्ची उत्तम.

अर्ज

संकेतस्थळ: पीएम सूर्यघर डॉट गव्ह डॉट इन. याच नावाचं अ‍ॅपही आहे. दुसऱ्या कुठल्याही लिंकवरून जाऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवून 'हे अ‍ॅप टाका, सबसिडी जमा होईल' म्हणणारे खातं रिकामं करतात. अर्जाला फी नाही.

मोबाइल क्रमांक टाकून ओटीपीने नोंदणी करा. मोबाइल तुमचाच द्या, विक्रेत्याचा देऊ नका, कारण पुढचे सगळे संदेश त्यावर येतात. मग राज्य महाराष्ट्र, जिल्हा सोलापूर, वीज कंपनी महावितरण निवडून ग्राहक क्रमांक टाका. नाव आणि पत्ता महावितरणच्या नोंदीतून आपोआप येतं. इथेच कळतं की बिलाची तयारी नीट झाली होती की नाही. किती किलोवॅट हवं ते भरून अर्ज सादर करा. अर्ज क्रमांक वहीत लिहा, फोनवर फोटोही ठेवा. घरातल्या मुला-मुलीला शेजारी बसवलं तर पाऊण तासाचं काम आहे, त्यासाठी कुणाला पाचशे रुपये द्यायची गरज नाही.

'स्मार्ट'मध्ये बसत असाल तर महावितरणच्या संकेतस्थळावर त्या योजनेचा अर्ज करा. गेल्या वर्षातल्या एखाद्या महिन्यात, समजा लग्नाच्या महिन्यात, वापर १०० युनिटच्या वर गेला असेल तर अडचण येऊ शकते, म्हणून बारा महिन्यांची यादी इथेही कामाला येते.

विक्रेता निवडणं

संकेतस्थळावर नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी आहे. अनुदान हवं तर त्या यादीतलाच हवा. तिघांकडून लेखी कोटेशन घ्या आणि तीनही कागद एका रांगेत ठेवून वाचा.

पॅनेल भारतात बनलेल्या सेलचीच हवीत, त्यांना बाजारात 'डीसीआर' पॅनेल म्हणतात. नॉन-डीसीआर स्वस्त पडतात, पण त्यांना अनुदान नाही. कोटेशनवर 'डीसीआर' हा शब्द, कंपनी, मॉडेल आणि वॅट लिहून घ्या. प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक नंतर पोर्टलवर चढतो, तेव्हा बदलाबदली लपत नाही, पण तोवर पैसे तुमचे अडकलेले असतात.

अनुदान पॅनेलच्या आणि सोलर इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारी पेटी) क्षमतेपैकी जी कमी असेल तिच्यावर मिळतं. कोटेशनवर 'तीन किलोवॅट' लिहिलंय, पण ५४० वॅटची पाचच पॅनेलं धरली आहेत, तर क्षमता २.७ किलोवॅट झाली. मग ७८ हजार नव्हे, ७२,६०० मिळतील. सहा पॅनेलं आणि तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर, हे गणित बरोबर.

स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेलखालचा लोखंडी सांगाडा, गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेलं) आहे का, उंची किती, वरच्या उंचीचे पैसे धरलेत का, हे विचारा. खाली वाळवणं घालायची असतील, पापड-कुरडया, तर सात-आठ फूट उंचीचं स्ट्रक्चर लागतं आणि ते महाग पडतं. एप्रिल-मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्याने हलकी स्ट्रक्चरं उपटलेली असतात, तिथे हजार-दोन हजार वाचवू नका. नेट मीटरचा (आलेली आणि गेलेली वीज मोजणाऱ्या मीटरचा) वेगळा मोठा आकडा कोटेशनमध्ये दिसला तर तो कशाचा ते महावितरणच्या कार्यालयात विचारून खात्री करा. सोलरच्या साहित्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे कुणी जुना दर पुढे करत असेल तर बोट ठेवा.

'अनुदान वजा करूनच पैसे घेतो' असं कुणी म्हणालं तर सावध राहा. अनुदान काम झाल्यावर तुमच्या खात्यात येतं. ते कुणाला देण्याचं आगाऊ वचन, सही केलेला कोरा चेक, यातलं काहीही देऊ नका. करारनाम्यात पैशांचे टप्पे लिहा: थोडे आगाऊ, साहित्य आल्यावर काही, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसल्यावर. शेवटचा हप्ता हातात राखून ठेवलेला बरा. तो दिल्यावर माणूस फोन उचलत नाही, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. पाच वर्षं देखभाल विक्रेत्याने करायची असते, तेही करारात असू द्या.

कर्ज

तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांपर्यंतचं विनातारण कर्ज राष्ट्रीयीकृत बँका देतात. दहा टक्के आपले घालावे लागतात. व्याज रेपो दराशी जोडलेलं, सहा टक्क्यांच्या आसपास. सोनं गहाण ठेवून सोलर करण्यापेक्षा हे बरं. पोर्टलवरच्या अर्जातूनच कर्जाचा अर्ज करता येतो. कर्ज घेतलं असेल तर अनुदान कर्जखात्यात वळतं आणि मुद्दल कमी होतं.

हिशेब उदाहरणाने सांगतो. तीन किलोवॅट एक लाख नव्वद हजारांना पडलं असं धरा. ७८ हजार परत आले, खर्च एक लाख बारा हजार. महिन्याचं सरासरी बिल २,८०० वरून २०० वर आलं तर वाचले २,६००. साडेतीन वर्षांच्या थोडं पुढे पैसे फिटतात. तुमचे आकडे घालून हेच करा.

बसवताना हजर राहा

काम एक-दोन दिवसांचं. आर्थिंगचे तीन वेगळे खड्डे हवेत: पॅनेलच्या बाजूचा, घरच्या विजेच्या बाजूचा आणि आकाशातली वीज पडली तर ती जमिनीत नेणाऱ्या सळईचा. दोन खड्ड्यांत भागवणारे भेटतात. स्लॅबला ड्रिल मारलं तर त्या जागा वॉटरप्रूफ करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात गळेल तेव्हा कुणी येत नाही. पॅनेलच्या मागची अनुक्रमांकाची चिठ्ठी, इन्व्हर्टरचा क्रमांक आणि पॅनेलसमोर उभं राहून फोटो हे सगळं पोर्टलला लागतं.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: लाइट गेली की सोलरही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला घराघरांतून उलटी वीज जाऊन धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. 'सोलर असून पंखा का बंद?' हा प्रश्न घरात येणारच. लोडशेडिंगसाठी बॅटरी हवी असेल तर तिला या योजनेत अनुदान नाही. जुना इन्व्हर्टर-बॅटरीचा संच आहे तसा चालू ठेवा.

नेट मीटर आणि पैसे

बसवून झालं की विक्रेता पोर्टलवर तपशील भरतो आणि नेट मीटरची मागणी जाते. महावितरणचे लोक तपासणी करून मीटर बसवतात. हे मीटर बाहेरून आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजतं. ते बसेपर्यंत सोलर चालू करू नका. काही जुनी मीटरं बाहेर गेलेले युनिटही तुमच्या वापरात धरतात, म्हणजे वीज तुमची आणि बिलही तुम्हालाच.

मीटर लागल्यावर पोर्टलवर कार्यान्वित झाल्याचा दाखला दिसतो. मग तुमच्या लॉगिनमधून बँक तपशील भरायचे आणि रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान चढवायचं. हे पाऊल ग्राहकाचं आहे. इथे बरेच जण थांबून राहतात, 'विक्रेता करेल' म्हणून. खातं चालू आहे ना, आधारशी जोडलंय ना, हे बँकेत विचारून या. त्यानंतर साधारण तीस दिवसांत पैसे जमा होतात. नाही झाले तर योजनेचा १५५५५ हा क्रमांक आहे, मीटरच्या तक्रारीसाठी महावितरणचा १९१२. तोंडी सांगू नका, तक्रार क्रमांक घ्या.

पुढची देखभाल

धूळ हा सोलापूरचा विषय. आठ-पंधरा दिवसांनी पॅनेल धुवा, पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी कडक असतं, त्याचे पांढरे डाग वाळून बसतात, तेव्हा लगेच मऊ फडक्याने पुसून घ्या. पाण्याचा दिवस नसेल तर कोरड्या मऊ मॉपनेही चालतं. साबण, ब्रश, काथ्या नको.

मे महिन्यात उत्पादन पडलं तर घाबरू नका. पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की प्रत्येक अंशाला पॅनेल तीन-चार दशांश टक्के कमी देतं, आणि मेच्या दुपारी पॅनेल साठ-पासष्ट अंशांवर गेलेलं असतं. म्हणजे दहा-पंधरा टक्के तिथेच गेले. फेब्रुवारी-मार्चचे आकडे बहुतेक वेळा मेपेक्षा चांगले येतात.

बिल शून्य येईल अशी आशा ठेवू नका. स्थिर आकार लागतोच. नेट मीटर लागल्यानंतरच्या पहिल्या बिलावर मात्र दोन आकडे नक्की बघा, आयात आणि निर्यात. निर्यातीच्या जागी शून्य असेल आणि दुपारी घरात कुणीच नसतं, तर मीटरची नोंद बिलात उतरलेली नाही. त्याच दिवशी मीटरच्या पडद्याचा फोटो काढून महावितरणला कळवा, कारण दोन-तीन महिने गेले की मागचे युनिट वळते करून घेणं जिकिरीचं होतं.